४१७१ की ४११७

९ जानेवारी २०१७
जोडणी झाली एकदाची. आजपासून पनवेलच्या चौकांतले कॅमेरे आणि उरणकडचे नौदलाचे कॅमेरे एकाच पडद्यावर. कंट्रोल रूममध्ये पेढे वाटले. प्रभाकर सर म्हणाले, "मिताली, आता इथे नंबर टाकला की पोलीस, नौदल, तटरक्षक — सगळ्यांना एकदम दिसणार." संशयित गाड्यांची यादी मीच भरली. सात नंबर. जेवायचं राहिलं होतं, घाईतच भरले.

१२ जानेवारी
सकाळी आमच्या बिल्डिंगखाली पोलिसांच्या दोन जीपा. खालच्या मजल्यावरच्या इलियासभाईंना घेऊन गेले. कुवेतहून परतल्यापासून ते टेम्पोने करंजा बंदरात बर्फ पोचवतात, एवढंच. मुबीनाभाभी जिन्यात उभ्या होत्या. "बर्फच तर नेतात. कुणी तरी सांगा ना त्यांना." आम्ही सगळे आपापल्या दारात. कुणी बोललं नाही. मीही नाही.
टेम्पो अजून खालीच उभा आहे. ४११७. हा नंबर मी कुठे तरी पाहिलाय.

१३ जानेवारी
यादीचा कागद काढून पाहिला. कागदावर ४१७१. मी भरलाय ४११७.
बाथरूममध्ये जाऊन बसले. इलियासभाई रोज पहाटे नौदलाच्या कुंपणाजवळून जातात, म्हणजे रोज कॅमेऱ्यात आले असणार. संशयित गाडी, तीच जागा, रोज. माझ्यामुळे.
सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "अजून कुणाला बोललीस?" नाही म्हटलं. "बोलू नकोस. आपल्याकडची नोंद मी दुरुस्त करतो."
"आणि नौदलाकडे गेलीय ती?"
"ती परत येत नाही. काढायला तीन खात्यांची पत्रं लागतात. चौकशी करतील, सोडतील. तू घरी जा."

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन खाली जायची हिंमत झाली नाही.

१६ जानेवारी
आमच्या नोंदीत आता ४१७१ दिसतंय, तेही ९ तारखेपासून. मी कधी चुकलेच नाही! सर आज फार गोड बोलले. त्याचीच जास्त भीती वाटली.
येताना स्टेशनजवळ सहा कॅमेरे. मान खाली घालून चालले. मग वाटलं, मान खाली घालून चालणारी माणसंच तर आम्ही झूम करून बघतो.

१७ जानेवारी
मुबीनाभाभी वर आल्या, सोबत त्यांची छोटी यूम्ना. "तू तिथेच कामाला ना? ते कुठे आहेत तेवढं तरी कळव." मी म्हटलं, माझं खातं वेगळं आहे. यूम्ना माझ्याकडे बघत होती.
नंतर सत्यजीतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सांगायला गेलीस तर तुलाही आत घेतील." नवरा वाईट नाही माझा. माझ्याइतकाच घाबरलाय.

२० जानेवारी
झोप नाही, अन्न जात नाही. सकाळी खाली गेले आणि मुबीनाभाभींना सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत देतील. त्यांनी ओढणी घेतली. "चल."
पोलीस ठाण्यात चौकशी अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं, मग आमच्या ऑफिसात फोन लावला. "बाई, तुमच्या ऑफिसच्या नोंदीत तर बरोबर नंबर आहे. तुमचे सर म्हणतात, तुमच्याकडून चूक झालीच नाही. शेजारधर्म म्हणून आलात का?"
"नाही साहेब. चूक माझीच आहे."
"मग त्याच दिवशीचं, तुमच्या हातचं काही लिहिलेलं आहे?"
भाभी माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, उद्या आणते.

२१ जानेवारी
साहेब, १३ जानेवारीचं पान आधी वाचा. त्यानंतर मी आठवडाभर गप्प होते. ती पानंही फाडलेली नाहीत.