पाटीवरची टिकली

१४ मार्च

चि. चिमणीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते, म्हणजे घर जागच्या जागी आहे.

तुझं पत्र मिळालं. त्यातल्या प्रश्नाकडे येतोच, आधी दुकानाचं ऐक.

तू छापखान्यात गेल्यापासून पाट्या रंगवायला मी एकटाच. अक्षरं मी काढायची आणि इंग्रजी शब्दावरची ती टिकली, तुझी अपॉस्ट्रॉफी, बारीक ब्रशने तू द्यायची, अशी आपली वाटणी. सवयीने अजूनही प्रत्येक 'एस'च्या आधी तुझ्यासाठी जागा सोडतो. परवा केकवाल्या बाईंनी पाटी पाहून विचारलं, यातलं एखादं अक्षर गळलंय का.

तू फोनवर सांगितलंस तसं शब्द फोडून बघतो. 'इट्स'च्या जागी 'इट इज' बसलं तर टिकली, 'त्याचं' असेल तर नाही. पटलं. मग शिंप्याची पाटी आली. दुकान शिंप्याचं, म्हणून टिकली! तिथे मालकीला टिकली चालते, मग 'त्याचं'ने काय कुणाचं घोडं मारलंय? 'युअर'चा तोच घोळ, 'देअर'च्या तर तीन तऱ्हा. वहिनी म्हणते, ऐकायला सगळं सारखंच, कोण बघतंय? माझं डोकं पार चक्रावलंय. अर्धवट पाट्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.

खरं सांगू, काही मुद्दामच ठेवल्यात. तू सुट्टीला येशील, टिकल्या देशील आणि मग इथेच राहशील, असं मनात होतं. त्यात तुझं पत्र: "दादा, ते मला कायम करतायत. हो म्हणू का?" हो म्हणावं तर दुकान खायला उठतं, नको म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून इतके दिवस उत्तर नाही.

आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरांची पाटी घेतली. त्यातलं 'इट्स' 'इट इज' असं फोडून पाहिलं, अर्थ लागेना, तेव्हा टिकली दिली नाही. जागाही सोडली नाही. तुला न विचारता पाटी पाठवून दिली. बरोबर की चूक, देव जाणे. चुकली असेल तर डॉक्टर ओरडतील, मी पुसून पुन्हा काढेन.

छापखान्याला हो सांग. मला तू इथे हवी आहेस, हे खरंच. पण तेवढ्यासाठी येऊ नकोस.

तुझा,
अजून पुरता गोंधळलेला
दादा