नानांना पाठवायचा फोटो

५ जानेवारी १९५८
राजापूरहून नानांचं पत्र. नाना म्हणजे नलूच्या गेलेल्या आईचे वडील. लिहितात, ‘नवी आई कशी वागवते हे आम्हांस इथे काय कळणार? पोरीचा फोटो पाठवा. स्टुडिओतला नको, तिथे कोणीही हसतं. बाहेर उजेडात काढलेला हवा. सुखात दिसली नाही तर शिमग्याला येऊन घेऊन जाईन.’
म्हणजे माझी परीक्षाच! लग्नाला आठ महिने झाले. पाच वर्षांची पोर मला अजून कुठल्याच नावाने हाक मारत नाही.

१२ जानेवारी
ह्यांच्या मित्राचा बॉक्स कॅमेरा आणला. स्टुडिओवाल्या बाबुरावांनी सांगितलं होतं, “ऊन पाठीशी घ्या, कॅमेरा पोटाशी धरा, वरून काचेत बघा.” शिवाजी पार्कात जाईपर्यंत नलू उड्या मारत होती. काचेत डोकावले तर ओठ बाहेर! घटकेत खुदकन हसली. पुन्हा गप्प. पुन्हा हसली! मी काहीच केलं नव्हतं.

१५ जानेवारी
फोटो आले. आठांतल्या तीनांत हसते आहे. पण माझ्याकडे बघून नाही—माझ्या खांद्यावरून मागे. आणि गवतावर सावल्या दोन! एक माझी, कोपरं बाहेर काढलेली. दुसरीही बाईचीच—हात डोक्यावर, बोटं शिंगांसारखी उभी.
“माझ्यामागे कोण होतं गं?”
“कोणी नाही.” खाली बघून म्हणाली. एवढ्याशा पोरीला खोटं बोलायला कोणी शिकवलं?

१६ जानेवारी
चंपा. दुसरी कोण असणार!
नलूची सख्खी मावशी. गिरगावात मामाकडे राहते, लग्न झालेलं नाही. बहीण गेल्यावर हीच या घरात येणार असं सगळे धरून चालले होते. शेजारच्या राधाबाईंनी मला ते मुद्दाम ऐकवलंय. ह्यांनी नको म्हटलं की तिने, कोणी सांगत नाही. आणि आम्ही पार्कात कधी जातो हे तिला कळतं कसं? ह्यांना विचारलं. “मला काय माहीत,” म्हणाले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला निघून गेले. चपला घालताना एकदाही वर बघितलं नाही.

१९ जानेवारी
पार्कात संध्याकाळच्या सभेचे बांबू ठोकत होते, म्हणून दादरच्या चौपाटीवर गेलो. नलू हसली आणि मी गर्रकन वळले. चंपाच! पार्कापासून आमच्या मागोमाग आलेली, पदर खोचून, जीभ बाहेर काढून उभी.
“ताई, रागावू नका. नानांना हसरा फोटो हवाय ना? तुमच्यापुढे ती हसत नाही, भावोजी म्हणाले. म्हणून आले.”
म्हणजे हेच बोलले. घरातलं बाहेर!
“पोर तुझ्याजवळच सुखात असते, हे दाखवायचंय ना नानांना?”
“अहो, ती इथेच राहावी म्हणून येते मी!” रडायलाच लागली. मला नाही पटलं.
नलू कपाळाला आठ्या घालून, गाल फुगवून थेट माझ्याकडे बघत होती. का कोण जाणे, मी खटका दाबला.

२४ जानेवारी
हसरे सगळे फाडले. आठ्या घातलेल्याच्या मागे ‘मीच काढला’ असं लिहून तो पाकिटात घालून पोस्टात टाकला. हे ओरडले, “अगं, घेऊन जातील ना तिला!” जाऊ देत. चंपाने हसवलेला चेहरा पाठवून मला पोर ठेवायची नाही.
दुपारभर रडले. नलूचा परकर शिवायला घेतला होता, तो तसाच पडलाय. ती जाणारच असेल तर कोणासाठी शिवू?

३ फेब्रुवारी
नानांचं पत्र आलं. ह्यांनी उभ्या उभ्याच वाचून दाखवलं.
‘फोटो पोचला. हिची आई परक्यांपुढे सदा हसरी. गाल फुगवायची ते फक्त स्वतःच्या आईपुढे. शिमग्याला येत नाही.’