चौघांची ओळख

बंगळूर
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय शिल्पाश्री,

आज सकाळी तुझ्या वडिलांचा फोन आला. नंतर दूध आणलं, अंघोळ आणि पूजा झाली. मंजुनाथ आणि किरणकुमार येऊन गेले. दुपारी मीच स्वयंपाक केला. अम्मा जेवली नाही. ऊन चांगलं होतं म्हणून गाद्या गच्चीवर टाकल्या होत्या, त्या आत्ता खाली आणल्या. दिवस एवढाच झाला.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही, हे तुला माहीत आहे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथे जे लिहितो ते आलं किती आणि गेलं किती, एवढंच. मेघा चिडवायची की अण्णा, तुमच्या स्टोअरला एकसुद्धा खिडकी नाही, तुमच्यावरच एक लेख लिहिते. आमच्या घरी राहायला आल्यावर महिन्याभरात तूही तिच्यासारखं मला अण्णा आणि तिच्या आईला अम्मा म्हणायला लागलीस. म्हणून धीर करून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घे.

आधी मुलं कशाला आली होती ते सांगतो. गंगव्वनकेरे हे तळं बुजवून तिथे बसस्टँड करायचा जो आराखडा आहे, त्यावर हरकती घेण्याची मुदत शुक्रवारी संपते. तुम्ही चौघांनी वर्षभर त्या तळ्यावर जे लिहिलं, ते सगळं छापून घेऊन मंजुनाथ कचेरीत गेला होता. तिथल्या माणसानं पानं उलटली आणि म्हणाला, हे सगळीकडे 'आम्ही' लिहिलंय, हे आम्ही म्हणजे कोण, स्वामी? इंटरनेटवर कोणी काहीही लिहितं. कोण काय शिकलंय, कोण काय काम करतं, नावासकट घालून आणा, मग आत घेतो. त्यामुळे आता तुमची ओळख लिहायची आहे. तीच पुढे तुमच्या पानावरही लागणार. किरणकुमार त्या पानाला वेबलॉग म्हणतो, नवा शब्द आहे म्हणे. मी अजून तुमचं पानच म्हणतो.

किरणकुमारनं कच्चं लिहून आणलं होतं. मंजुनाथ नगररचना बघतो, रस्ते कुठून जावेत आणि कुठून जाऊ नयेत यावर लिहितो. स्वतः किरणकुमार कंपनीत कॉम्प्युटरवर असतो आणि पान सांभाळतो. त्याखाली मंजुनाथनं पेन्सिलीनं 'आणि उरलेला वेळ सगळ्यांवर ओरडतो' असं लिहून ठेवलं होतं. किरणकुमारनं ते माझ्यासमोर खोडलं. कोणी हसलं नाही. त्याच्या खाली एकच ओळ होती. वास्तुविशारद मेघाश्री आणि पर्यावरण शिकलेली शिल्पाश्री, या दोघी आमच्याबरोबर होत्या.

मी विचारलं, दोघी होत्या म्हणजे? तेव्हा मंजुनाथनं तुझं कार्ड दाखवलं. माझं नाव काढून टाका, एवढंच लिहिलं आहेस. खाली सही पण नाही. तो तुला दोन पत्रं पाठवून बसला आहे. तुझ्या गावाला जाऊन येतो म्हणत होता. मी म्हटलं, थोडा थांब.

तुम्ही रविवारी आमच्या हॉलमध्ये जमायचात ते आठवतं. मी सतरंजी गुंडाळून ठेवायचो, कारण तुम्हाला ते मोठे कागद जमिनीवर पसरायला लागायचे. अम्मा उप्पीट करायची आणि ते कागदांवर सांडू नये म्हणून दारातच ताटल्या देऊन उभी राहायची. केवढी भांडणं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं कापायचं, तिसऱ्यानं टाइप करायचं आणि खाली कुणाचंच नाव घालायचं नाही. हा नियम मेघाचा. नाव आलं की माणूस स्वतःच्याच घराला छान म्हणतो, असं ती म्हणायची. मला तेव्हा ते पटलं होतं. ती गेल्यावर त्याच नियमानं मला फार छळलं. एवढी पानं लिहिलेली आहेत, त्यात माझ्या मुलीचं कुठलं, ते कळायला मार्ग नाही. किरणकुमारला विचारलं तर तो म्हणाला, अंकल, सगळ्यात सगळ्यांचं आहे. बरोबरच आहे त्याचं. पण मला सगळ्यांचं नको होतं.

मग मी स्वतःच शोधायला लागलो. किरणकुमारनं ऑफिसात छापून दिलेला गठ्ठा घरी आणला आणि रोज थोडं थोडं वाचलं. इंग्रजी मला वाचता येतं, वेळ लागतो एवढंच. एक दिवस तो कट्ट्यावरचा लेख सापडला. आपली गल्ली रुंद करायची म्हणून घरांपुढचे कट्टे काढणार होते, तेव्हाचा. त्यात आपल्याच घराचं लिहिलं आहे, नाव न घेता. दुपारी तापलेला कट्टा दिवे लागेपर्यंत कोमट राहतो. घरातला थोरला माणूस कामावरून येतो, चप्पल काढतो, पण लगेच आत जात नाही. तो तिथे बसतो. कारखान्यातला दिवस घरात नेऊ नये म्हणून घरानं त्याला ही जागा दिली आहे. आतली बाई त्याला हाक मारत नाही. भांड्याचा आवाज करते, म्हणजे त्यानं आता उठावं.

मी असा बसतो हे मलाच माहीत नव्हतं. अम्मा भांडं वाजवते हेही नाही. हे माझ्या मुलीशिवाय कोण लिहील, असं मला वाटलं. मी तो लेख अम्माला मराठीत सांगितला. तुला माहीत नसेल, तोपर्यंत ती कोणाशी बोलत नव्हती. दसरा कधी आला आणि गेला ते आम्हाला कळलं नाही. तिच्या भावानं तुमकूरला नेलं तर तिथून दुसऱ्याच दिवशी परत आली. लेख ऐकला आणि म्हणाली, परत सांगा. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तो सांगतो. भांड्याच्या ओळीला ती थोडं हसते. मग दोन घास खाते. तेवढ्यावर आमचं घर चाललं होतं, शिल्पा. आज सकाळपर्यंत.

आज मंजुनाथ ओळखीत घालायला म्हणून प्रत्येकानं काय काय लिहिलं ते आठवत होता. मी म्हटलं, मेघाच्या नावावर कट्ट्याचा लेख नक्की घाल. किरणकुमार खिडकीबाहेर बघायला लागला. मग मंजुनाथ हळूच म्हणाला, अंकल, तो मेघाचा नाही. तो शिल्पाचा आहे. मेघा तर तो घेऊ नका म्हणत होती. यात काय लिहायचंय, आमच्या घरी रोज होतं, असं म्हणाली होती. तुम्ही दोघी त्यावरून भांडला होतात म्हणे, आणि तू रुसून गच्चीत जाऊन बसली होतीस.

खरंच आहे. जन्मापासून जे बघितलं ते तिला कसं दिसणार. ते तुला दिसलं.

मुलं गेल्यावर मी अम्माला सांगितलं. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. संध्याकाळी पुन्हा तोच लेख मेघाचा म्हणून सांगायला तोंड उघडलं नसतं. अम्मा तुझं नाव ऐकून घेत नाही, हे तू जाणतेस. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती तुला जे बोलली ते मी ऐकलं आहे. गाडी तू चालवत होतीस ना, मग तुला कसं काही झालं नाही. तुझ्या कोपरातून रक्त येत होतं, पट्टीसुद्धा बांधलेली नव्हती. मी तिथेच उभा होतो. तेराव्याच्या आधी तू पेटी घेऊन गेलीस, तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणीही दारापर्यंत आलं नाही.

तुम्ही दोघी गाडीवरून पडलात त्या रस्त्यावर मी नंतर जाऊन आलो. तुला सांगितलं नाही, मंजुनाथलाही नाही. पीण्याहून शिवाजीनगर, तिथून दुसरी बस, मग एचएसआर लेआउटच्या पुढे चालत. तळं निम्म्याहून जास्त बुजवलं आहे. मातीचे ट्रक अजून जातात. त्यांच्यातून सांडलेली ओली माती रस्त्यावर बोटभर जाड बसली आहे आणि कडेला काहीच नाही. मी पायी चालत होतो तरी घसरलो. एका ट्रकवाल्यानं ब्रेक लावून शिवी दिली आणि मग उतरून मला उठवलं. म्हणाला, इकडे कशाला आलात, तात? तिथे कोणीही पडलं असतं. मी स्टोअरवाला माणूस आहे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहीत नाही. ते बघून आलो आहे म्हणून लिहितो.

अम्मानं माझं ऐकून घेतलं. उठून तो लेखाचा कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं फाडणार. तिनं तो कपाटात लुगड्यांच्या खाली ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, म्हणजे ती आपल्याला बघत होती. एवढंच. त्यात राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. जेवायला उठली नाही. आता संध्याकाळ झाली, ती तशीच पडून आहे. तिनं तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. मला स्वतःला तुला माफ करण्यासारखं काहीच नाही, ते मी वर लिहिलं आहे.

घरात फार शांत आहे. रात्रपाळी मागून घ्यावी असं मनात येतं. माणूस संपल्यावर जे काही करायचं असतं ते मी सगळं केलं, कागदपत्रं केली, भटजींना बोलावलं, तिच्या ऑफिसातून तिच्या वस्तू आणल्या. आता करण्यासारखं काही राहिलं नाही आणि दिवस संपत नाहीत. रविवार तर मुळीच नाही. सतरंजी आता कायमची पसरलेली असते.

आता फोनबद्दल. तुझे वडील यल्लाप्पा रस्त्याकडेच्या फोन बूथवरून बोलत होते, मागे गाड्यांचा आवाज होता, म्हणून मोठ्यानं बोलत होते. तू जेवत नाहीस, कागद-पेन्सिल दिसली की उठून जातेस, हे त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आला. म्हणाले, साहेब, पोरगी रोज सांजच्याला मळ्यातल्या हिरीवर जाऊन बसती. मी लांब बांधावर हुबा ऱ्हातो. जवळ गेलं की उठती, म्हणून जात न्हाई. काय करू सांगा बघू. शिल्पा, मी लिहितो म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तो माणूस बांधावर उभा असलेला मला दिसतो आहे. त्याच्या जागी मी उभा राहिलो असतो, आयुष्यभर राहिलो असतो, पण मला तशी जागासुद्धा मिळाली नाही. म्हणून हे पत्र. तळ्याचं काय व्हायचं ते होईल, मला त्यातलं कळत नाही. एका मुलीच्या नावापुढे 'होती' लिहायला मी मंजुनाथला आज परवानगी दिली, हात जोडून दिली. दुसरीच्या नावापुढे मी ते लिहू देणार नाही. आज तू विहिरीवर जाऊ नकोस. उद्याही जाऊ नकोस. घरात वडिलांच्या समोर बस आणि शुक्रवारच्या आत चार ओळी मेघावर लिही, चार स्वतःवर, आणि शेजारच्या शेट्टींच्या नंबरवर फोन करून मला वाचून दाखव. कोणत्याही वेळी कर, ते मला हाक मारतील. लिहिता आलं नाही तर नुसता फोन कर आणि बोलू नकोस. मी समजेन. डिंकाची बाटली वाळून गेली आहे, म्हणून भाताची चार शितं बाजूला काढली आहेत. आता त्यांनी पाकीट चिकटवतो आणि नाक्यावरच्या पेटीत टाकून येतो.

तुझाच
अण्णा