समोरची जागा

प्रिय झाडदादा,

मुलांनी दिलेल्या नावानेच हाक मारते आहे, राग मानू नकोस. तुझा निरोप शिबिर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मिळाला होता. तेव्हा कामाच्या गडबडीत लिहायला फुरसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आता शिबिर संपलं, सतरंज्या झटकून झाल्या, शाळेची किल्ली मुख्याध्यापक बाईंना परत दिली. टाळायला दुसरं कारण उरलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी बातम्या. मागच्या उन्हाळ्यातली ती चिमुरडी आठवते ना, जिला तू 'चौकशी ऑफिस' म्हणायचास? तिने पाठीवरची पिशवीही न उतरवता विचारायला सुरुवात केली. झाडदादा कुठाय, कधी येणार, येणारच नसेल तर झाडं कोण दाखवणार. मी म्हटलं, मी दाखवणार. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "ताई, तू तर सुरवंटाला भितेस." भिते, ते खरंच. तरी सकाळी मीच सगळ्यांना रानात नेलं. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेकाला झाडापाशी न्यायचं, सालीवर हात फिरवून ते ओळखीचं करून घ्यायचं आणि पट्टी काढल्यावर नेमकं तेच झाड शोधून काढायचं, हा तुझा खेळ जसाच्या तसा घेतला. फक्त पट्टी बांधताना तू मुलांच्या कानात काय सांगायचास, ते मला ठाऊक नव्हतं. जुन्या मुलांना विचारलं, तर म्हणाली, ते गुपित आहे. पक्ष्यांच्या आवाजात मात्र माझी पुरती फजिती झाली. मी मोठ्या तोऱ्यात ज्याला पक्षी म्हटलं, तो शाळेचा पाण्याचा पंप निघाला.

घरी सगळं तसंच आहे. काका अजूनही म्हणतात, घरातली पहिली पदवी हिने घेतली आणि करते काय, तर लोकांची पोरं नाचवते. बाबा भिंतीवरची माझ्या पदवीची तसबीर उगाच सरळ करत बसतात. मला मात्र अजून मनापासून वाटतं की ज्या मुलाला एक झाड हाताने ओळखता येतं आणि एक नाच पायाने येतो, ते मूल कुठेही गेलं तरी पोरकं होत नाही. हे मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तू हसला नव्हतास. तेव्हापासून मी तुला जरा जास्तच सांगत गेले.

बाबांनी तुला आमच्या अंगणात पावलं शिकवली, तो दिवस आठवतो? दिवसभर दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा करून आले होते, कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं. तुला म्हणाले, "अरे, जमिनीने काय तुझं घोडं मारलंय? हळू टेकव." आमच्या नाचात दोघं समोरासमोर असतात. एकजण मागे सरत जाऊन हात पुढे करून थांबतो, दुसरा चालत येऊन तो हात धरतो आणि मग दोघं मिळून फिरतात. माझी, थांबणाऱ्याची बाजू मला आईकडून आली. तिच्या समोरची बाजू बाबांची. आई गेल्यावर त्यांनी ती पावलं कुणालाच दाखवली नव्हती. तुला दाखवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटलं की... जे वाटलं ते असू दे.

या वर्षी मुलांना शिकवायला मी एकटी. सगळ्यांना रांगांत उभं केलं, पुढे मी. मागे सरा, हात पुढे करा, थांबा, आता फिरा. रोज संध्याकाळी हेच. मुलं सुरेख शिकली. शेवटच्या दुपारी जोड्या लावल्या आणि ताल धरला, तर प्रत्येक जोडीतली दोन्ही मुलं मागे सरली. दोघांनी हात पुढे केले आणि दोघंही थांबली. येणारं कुणी नव्हतंच. आधी ती खूप हसली, मग माझ्याकडे बघायला लागली. दुसरी बाजू मी त्यांना शिकवलीच नव्हती. इतके दिवस माझ्या ध्यानातही आलं नाही, कारण शिकवताना समोरची जागा मला रोज भरलेली दिसत होती.

मुलांचे आईवडील जमायला लागले होते, आता काही बदलणं शक्य नव्हतं. मुलं तशीच नाचली. सगळं मैदान हात पुढे करून थांबलं आणि मग एकेकटं फिरलं. टाळ्या खूप पडल्या. लोकांना वाटलं, नाच असाच असतो. फक्त स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, "यंदा अर्धाच बसवलास का गं?" मी म्हटलं, वेळ कमी पडला.

बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. परतताना बसमध्ये त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "तो येणार नव्हता का?" मी म्हटलं, त्याला काम आहे. "असेल, असेल," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. उतरायच्या थोडं आधी म्हणाले, "पोरं चांगली नाचली. कुणाची तरी वाट बघत होती, एवढंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे फार बरं केलं.

तर आता तुझ्या निरोपाचं उत्तर. तुझं लग्न ठरलं, मला खरंच आनंद आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. तू मला कधी काही कबूल केलं नव्हतंस, तेव्हा तुझ्याकडे मागण्यासारखं माझं काही नाही. लग्नात तुझ्या होणाऱ्या बायकोला तुझ्यासोबत हा नाच करायचाय आणि तो मीच तिला शिकवावा, "तुझ्याशिवाय कोण शिकवणार," असं तू लिहिलंस. तिला माझी बाजू शिकवायची, तर मला तुझ्या जागी उभं राहावं लागेल. ती हात पुढे करून थांबेल आणि मी चालत जाऊन तो धरायचा. ती पावलं मला येत नाहीत रे, मी ती फक्त माझ्याकडे येताना पाहिली आहेत. तिला तूच शिकव. माझी बाजू तू समोरून इतक्यांदा पाहिली आहेस, सहज सांगता येईल: मागे सरायचं, हात पुढे करायचा, थांबायचं. किती थांबायचं, ते तिला सांगू नकोस. तिला त्याची गरज पडणार नाही.

तुझीच,
नाचताई