गाईचं डावं अंग

आई, तू जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं हे लिहिणं आहे, चुका असतील. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहायला जरा कमी भीती वाटते. एरवी मला सगळ्याचीच वाटते, हे तुला ठाऊक आहे.

दिवाळीनंतर मुलानं पळसदेवच्या एका बाईकडून दुसऱ्या वेताची गाय आणली. दिसायला गरीब, पण धारेला बसलं की लाथ. सुनेचं मनगट सुजलं. मागचे पाय दोरीनं बांधले, तर ती दोरीसकट खाली पडली. मुलगा म्हणाला, "गुरुवारी व्यापारी येतोय तिला न्यायला. आबा, मधी पडू नका." लाथाळ म्हणून नाव पडलेली गाय पुढं कुठल्याच दावणीला टिकत नाही. मी म्हणालो, तेवढे पाच दिवस मला दे. सून हसली. "तुमी कुत्रं भुंकलं तरी मागं सरता, आबा."

खरं आहे ते. मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. एका कालवडीनं पाय झाडला म्हणून मी तिला काठीनं मारलं होतं. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. पीठ लागलेल्या हातानंच बाहेर आलीस, काठी घेतलीस आणि विचारलंस, "लाथ मारली म्हून मारलंस, का भ्यालास म्हून?" काठी तू चुलीत घातलीस.

म्हणून या वेळी काठी नेली नाही. पहिले दोन दिवस दुधाची चरवीसुद्धा नेली नाही, दूध वासरालाच पिऊ दिलं. मागून न जाता, तिला दिसेल असा समोरून जायचो, आधी बोलायचो, मग खांद्यावर हात ठेवायचो. तिथून पाठ, पोट, हळूहळू कास. पाय हलला तरी हात झटक्यानं काढायचा नाही, हे तुझंच. मी तो तिथंच ठेवला. ती पेंड खात उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मात्र बसलो आणि लाथ गुडघ्याला चाटून गेली. चौथ्या दिवशीही तेच झालं.

बुधवारी सकाळी तिला धुवायला चिंचेखाली बांधलं. गोठ्यात तिच्या डाव्या अंगाला भिंत आहे, त्यामुळं त्या बाजूला कुणी जातच नाही. इथं मी बादली घेऊन डावीकडून गेलो, तर तिनं मागचा पाय आपणहून मागं घेतला आणि कास मोकळी करून उभी राहिली. कुणीतरी धारेला बसणार म्हणून जागा करून द्यावी, तशी. मी चरवी मागवली. भीत भीत डावीकडं बसलो. गाय हललीसुद्धा नाही. सुनेनं पळसदेवला फोन लावला. ती बाई म्हणाली, "व्हय, डाव्याच अंगाला बसते मी. तुमी इचारलंच न्हाय."

मुलानं व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं. मी तिथंच बसून राहिलो, कारण मला तुझा डावा हात दिसला. तू डावखुरी. आजी त्यावरून बोलायची, म्हणून जेवायला उजवा हात आणि बाकी सगळ्याला डावा. भाकरी डाव्यानं थापायचीस. आम्ही घरातले सगळे बाकीच्या गाईंच्या उजव्या अंगाला बसायचो. तुझ्या गाईला तू एकटीच पिळायचीस आणि डावीकडं बसायचीस. आता ते स्पष्ट दिसतंय. तेव्हाही रोज समोरच होतं.

दवाखान्यात तू एकच सांगितलंस, "माज्या गाईला दुसऱ्याच्या दावणीला धाडू नको." तू गेल्यावर ती कुणाला जवळ येऊ देईना. लोक म्हणाले, मालकिणीसाठी झुरती. मला ते ऐकायला बरं वाटलं. तीन आठवड्यांत मी ती विकली, आणि नेणाऱ्याला सांगितलं की गाय लाथाळ आहे. कुणी कुठल्या अंगाला बसायचं, हे ना त्यानं विचारलं, ना मला सांगता आलं.

सुनेनं विचारलं, "आबा, तुमाला कसं कळलं ओ?" मी म्हणालो, अंदाजानं. मुलगा आता सगळ्यांना सांगत असतो की आमच्या म्हाताऱ्याला गुरांचं भारी कळतं. मी अजून त्याला अडवलेलं नाही.