पोथितीताईचे मासे आणि द्रागित्साचं छत

कूबर पीडी, जानेवारीअखेर

प्रिय पोथितीताईस,

धाकट्या साकेलारिसचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? तिकडे कालिम्नोस बेटावरच्या आपल्या जुन्या घराचं छप्पर झालं, की सुतार अजून 'उद्या' म्हणतोय? मी ठणठणीत आहे. मासेही जिवंत आहेत. (हे वाक्य तू आधी शोधणार, म्हणून वरच लिहिलं. पुढचं सावकाश वाच.)

पोर्ट लिंकनच्या तुझ्या घरून ती माशांची काचेची पेटी आणून माझ्याकडे ठेवून कालिम्नोसला जाताना (समुद्रकाठच्या बाईने समुद्राचे मासे वाळवंटात सांभाळायला द्यावेत, यावर मी तेव्हाही काही बोललो नव्हतो) तू बजावलं होतंस, की पाणी सव्वीस अंशांच्या वर जाता कामा नये. नाताळानंतर, इथल्या भर उन्हाळ्यात, बाहेर सेहेचाळीस झालं, पेटीत एकतीस. ते बोटाबोटांचं जिवंत समुद्रफूल ओल्या मोज्यासारखं लोळागोळा झालं आणि दोघे नारिंगी पट्टेवाले मासे वर येऊन धापा टाकू लागले.

आधी पंखा लावला. तीन अंश उतरले, पण रोज बादलीभर पाणी गायब! पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. (चाखून पाहिलं. तू पाहू नकोस.) मग बर्फाच्या बाटल्या सोडल्या, तर मासे त्यांना घाबरून कोपऱ्यात जाऊन बसले.

शेवटी विचार केला, निम्मं गाव जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतं ते तिथल्या गारव्यासाठीच ना? मी राहत नाही. चाळीस वर्षं ओपलच्या खड्यांसाठी खाली खणलं, आता झोपायलाही तिथेच? मेल्यावर आहेच ते. पण पाण्याने खाली जाऊन यायला काय हरकत? घरामागे माझी जुनी बंद खाण आहे. वरून तिच्यात भोक पाडायचं, बागेला पाणी देतात तसला काळा पाइप साठ मीटर आत सोडायचा, आणि छोट्या पंपाने पेटीतलं पाणी खाली फिरवून गार करून परत आणायचं. दोन दिवस खपलो. पाइप सोडून हात धुतोय, तोच दारावर थाप. खालच्या अंगाला जमिनीत कोरलेल्या घरात राहणारी द्रागित्सा. सर्बियाची, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आमचं बोलणं आजवर कचऱ्याच्या डब्यापुरतं. केसांत दगडाचा चुरा.

"साकेलारिस, माझ्या कोठीत छतातून पाइप लोंबतोय. तुझा की देवाचा?"

"माझा."

"बरं झालं. देवाकडून बरणी भरून घेता येत नाही. फुटली तीत मिरच्यांचं लोणचं होतं."

(गेल्या वर्षी तिने कोठी वाढवली ती थेट माझ्या खाणीत. पण केसांतला चुरा बघता हे फक्त तुला सांगतो.) पाइप ओढून घेतो म्हणालो, तर म्हणे, "थांब. कशापायी माझं छत फोडलंस, ते तरी दाखव."

वर आली, पेटीसमोर बसली. हिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. विमानाच्या खिडकीतून दिसला तेवढाच. लहानगा पट्टेवाला समुद्रफुलात शिरला, तशी पुढे वाकून म्हणाली, "त्याला हे डसत नाही?"

"इतर माशांना डसतं. याला का नाही, ठाऊक नाही."

"मग इतके दिवस तू बघत काय बसलास?"

ताई, मीही खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बघितलं. पाइपाचं वेटोळं तिने आपल्याच कोठीच्या भिंतीला टांगू दिलं. संध्याकाळी पाणी सव्वीसवर आलं आणि समुद्रफूल एकेक बोट उघडत गेलं.

तुझा,
साकेलारिस

ता. क. : एप्रिलमध्ये तू मासे न्यायला येणार. पोर्ट लिंकनपर्यंत रस्ता साडेआठशे किलोमीटरचा, मासे नाजूक. वाटेत दमतील बिचारे. ते इथेच राहिले तर?

ता. क. दुसरा : पत्र द्रागित्साला वाचून दाखवलं. म्हणाली, "मासे दमतील म्हणे! बहिणीला सरळ लिही ना, की मी रोज येते."

तर ताई, ती रोज येते.