झिंकला रंग नसतो

९ जून २००६
बाबांनी आर्णीहून शेतात टाकायच्या झिंक खताच्या दोन पिशव्या आणल्या. त्यांच्या शब्दावर अर्ध्या गावानं तिथूनच उचलल्या — गोविंदरावांच्या कृषी केंद्रातून. म्हणजे माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांकडून! अठरा तारखेच्या रविवारी मला पाहायला येणार आहेत. जमलं की बी.एस्सी.चं तिसरं वर्ष गेलं. बाबा म्हणाले, "लग्न झाल्यावर कायले पाह्यजे शिक्षण?" मी जेवले नाही.

१२ जून
पिशवी फोडली. खडे फिकट हिरवे. झिंक, आणि हिरवं?
आवर्त सारणीतली स्कँडियम ते झिंक ही दहा धातूंची ओळ मला पाठ आहे. मधल्या सगळ्यांचे क्षार रंगीत — तांब्याचं मोरचूद निळं, कोबाल्ट गुलाबी, निकेल हिरवं. कारण आतल्या कक्षेत जागा रिकाम्या. दहा सीटांची काळीपिवळी जीप समजा — लोखंडाच्या गाडीत सहाच जण, सरकासरकी चालू, म्हणून रंग. झिंक ओळीच्या टोकाला. दहाही सीटा भरलेल्या, कोणी जागचं हलत नाही. म्हणून ते पांढरं, आणि म्हणूनच पुष्कळ पुस्तकं त्याला संक्रमण धातू मानत नाहीत.
हे हिरवं म्हणजे हिराकस. लोखंडाचा स्वस्त क्षार.

१३ जून
बाबांना सांगितलं. "विलायती झिंक हिरवंच राह्यते. व्याह्याले चोर म्हणून राह्यली का तू?"
व्याही! अजून सुपारीही फुटली नाही.

१६ जून
कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या लखीरामकाकांनी चमचाभर खरं झिंक दिलं. घरी कोऱ्या चहात टाकून पाहिलं — चहा तसाच. पिशवीतले खडे टाकले — शाई! चहातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की काळंच होतं.
गोविंदरावांना साखरेचा आजार. निरोप आलाय, बिनसाखरेचा कोरा चहा लागतो.

१८ जून, रविवार
ट्रेमध्ये कोऱ्या चहाचे दोन कप जास्तीचे ठेवले. गोविंदरावांनी विचारलं, "पोरी, काय काय येते तुले?" मी म्हटलं, "झिंक ओळखता येतं." एका कपात कॉलेजचं टाकलं, दुसऱ्यात त्यांच्या पिशवीतलं. दुसरा काळाकुट्ट झाला. का झाला तेही सांगितलं, काळीपिवळीसकट. त्यांचा मुलगा राजदीप कपात वाकून पाहत राहिला. गोविंदराव म्हणाले, "कंपनीनंच असा माल पाठवला असन." पाहुणे पोहे न खाता उठले.
जिंकले मी. आज मला माझाच फार अभिमान वाटतोय.

१९ जून
बाबा बोलत नाहीत. आई म्हणते, "गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली."

२२ जून
गावातल्या तेवीस पिशव्या टेम्पोत भरून आर्णीला परत गेल्या. टेम्पोत पुढे बाबा! माझ्याशी मात्र अजून अबोला. प्रवेशाची मुदत तीस तारखेला संपते.

२७ जून
बाबा एकटेच आर्णीला जाऊन आले. माझ्यासमोर कॉलेजची पावती ठेवली — तृतीय वर्ष, रसायनशास्त्र. शेजारी कागदाची एक पुडी. "राजदीपनं देली. दुकानात नवा माल आला, पण तू पाह्यल्याशिवाय विकत नाही म्हणते."